फॅशिया : संशोधन किती आणि पॅकेज किती?

खडीसाखर

मंडळी, टाचदुखीने बेजार आहे. ऑर्थोपेडिकवाल्यांनी प्लांटर फॅशिआयटिस (तळव्याच्या फॅशियाचं दुखणं) सांगून टाचेखाली घालायला सिलिकॉनची गादी आणि पोटरी ताणायचे व्यायाम दिले. फरक आहे, पण गोगलगायीच्या चालीने. त्यात आमच्या भागात एक वेलनेस स्टुडिओ निघालाय. तिथे 'मायोफेशियल रिलीज'चं, म्हणजे हाताने दाबून-चोळून फॅशिया मोकळा करण्याचं, दहा सिटिंगचं पॅकेज आहे. पत्रक घेऊन आले. त्यातले दावे असे: फॅशिया हा शरीरातला विसरलेला अवयव आहे, त्याचे थर एकमेकांना चिकटतात, ते हाताने मोकळे करता येतात, जुन्या भावना फॅशियात साठून राहतात, आणि हे सगळं 'हार्वर्डच्या संशोधनावर आधारित' आहे.

पैसे भरायच्या आधी इथे विचारते. फॅशियावर खरोखर काही संशोधन झालंय का? झालं असेल तर नक्की काय सापडलं? इथले डॉक्टर, फिजिओ मंडळींनी जरा उजेड पाडावा. 'मला फरक पडला' हे अनुभवही चालतील, पण सोबत कारण माहीत असेल तर बरं.

शंकासूर

भावना साठतात म्हणे. मग एमआरआयमध्ये आमचा २००३ च्या वर्ल्डकप फायनलचा राग दिसायला हवा होता.

फिजिओताई

खडीसाखर, छान विषय काढलात. मी याच धंद्यात आहे, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

फॅशिया म्हणजे संयोजी ऊतींचा, शरीराचे भाग जोडून-बांधून ठेवणाऱ्या ऊतींचा, पडदा. कातडीच्या खाली, स्नायूंच्या वर, स्नायूंच्या आतल्या जुड्यांभोवती, नसांभोवती, अवयवांभोवती, सगळीकडे तो आहे. मुख्यतः कोलॅजन या प्रथिनाचे तंतू, मधे पाणी धरून ठेवणारा चिकट द्रव आणि ते बनवणाऱ्या पेशी. कॉलेजात डिसेक्शनला आम्ही पहिले कित्येक तास चिमट्याने हाच पांढरा जाळीदार भाग खरवडून बादलीत टाकायचो. सर मागून ओरडायचे, 'साफ करा, स्नायू दिसला पाहिजे!' परीक्षेत स्नायूचा उगम विचारायचे, बादलीत काय गेलं ते कोणी विचारलं नाही. 'विसरलेला' या शब्दात तेवढं तथ्य आहे.

हार्वर्डचं म्हणाल तर, फॅशिया संशोधनाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद ऑक्टोबर २००७ मध्ये बॉस्टनला हार्वर्ड मेडिकल स्कूलच्या सभागृहात भरली होती. तिथे प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ आणि हाताने उपचार करणारे पहिल्यांदाच इतक्या संख्येने एका छताखाली आले. पुढे ॲमस्टरडॅम, व्हँकुव्हर अशा परिषदा होत गेल्या. पण सभागृह हार्वर्डचं होतं म्हणून तुमच्या स्टुडिओचं पॅकेज हार्वर्डचं होत नाही.

सुगरणपक्षी

मटण साफ करताना सुरीच्या टोकाने उचलून ओढला की चरचर आवाज करत निघणारा तो पांढरा चकचकीत पडदा असतो, तोच का हा? मी तो काढूनच टाकते, नाहीतर शिजताना तुकडा आवळून येतो.

फिजिओताई

@सुगरणपक्षी, तोच. आणि दोन तुकड्यांच्या मधे कोळ्याच्या जाळ्यासारखं ओलसर काहीतरी ताणलं जातं ना, तोही फॅशियाच, सैल जातीचा. आवळून येतो कारण गरम झाल्यावर कोलॅजन आक्रसतं. तेच जास्त वेळ मंद शिजवलं की त्याचं जिलेटिन होतं. पायाचा रस्सा फ्रिजमध्ये थिजतो तो त्यामुळेच.

निर्मळमन

धाग्याच्या डोक्यावर 'शाकाहारींनी आपल्या जबाबदारीवर उघडावा' अशी पाटी लावा बुवा. आत्ताच जेवून बसलो होतो.

बोस्टनकर

फिजिओताईंशी सहमत, पण हार्वर्डचा संबंध फक्त सभागृहापुरता नाही. हेलेन लँजव्हँ नावाच्या डॉक्टर बाई आधी व्हर्मॉंट विद्यापीठात होत्या, नंतर काही वर्षं हार्वर्डमध्ये. २०१८ मध्ये त्या अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेतल्या पूरक उपचारांवरच्या केंद्राच्या संचालक झाल्या. त्यांचं काम वाचण्यासारखं आहे.

ॲक्युपंक्चरची सुई टोचून फिरवली की ती आत धरल्यासारखी होते. ती ओढून काढायला लागणारं बळ त्यांनी मोजलं आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. सुईभोवती स्नायू नव्हे, संयोजी ऊतीचे तंतू गुंडाळले गेलेले होते. हे २००१-०२ च्या आसपासचं.

पुढे २०११ मध्ये कंबरदुखीवर. पाठीच्या खालच्या भागात फॅशियाचा जाड पत्रा असतो. १२१ लोकांना यंत्राच्या टेबलावर पालथं झोपवून कंबर सावकाश वाकवली आणि अल्ट्रासाऊंडने ते थर एकमेकांवर किती सरकतात ते पाहिलं. ज्यांना जुनी कंबरदुखी होती त्यांच्यात हे सरकणं सुमारे २० टक्क्यांनी कमी निघालं. फॅशियाच्या जगात हा निबंध सगळ्यात जास्त फिरवला जातो. तुमच्या पत्रकाचं मूळही बहुधा इथेच असेल.

शंकासूर

@बोस्टनकर, म्हणजे थर सरकत नाहीत म्हणून कंबर दुखते, की कंबर दुखते म्हणून माणूस हलत नाही आणि म्हणून थर सरकत नाहीत?

बोस्टनकर

नेमका प्रश्न. त्या अभ्यासातून ते ठरत नाही, आणि लेखकांनी तसं स्पष्ट लिहिलंय. पत्रकं छापणारे तेवढं वाक्य गाळतात.

रानवारा

आपल्याकडे हे हजारो वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय. सुश्रुताने सात कला, म्हणजे शरीरातले पातळ पडदे, वर्णन केल्या आहेत, त्यातली पहिली मांसधरा कला म्हणजेच फॅशिया. पाश्चात्त्यांनी २००७ मध्ये परिषद भरवली की आपण टाळ्या वाजवायच्या!

शंकासूर

आला. दुसऱ्या पानाची वाट बघत होतो, पहिल्यावरच आला.

वैद्यबुवा_सांगली

शंकासूर, चेष्टा बाजूला ठेवा. रानवारा, तुम्हीही 'म्हणजेच' हा शब्द जपून वापरा. सुश्रुताच्या शारीरस्थानात चौथ्या अध्यायात सात कला आहेत हे खरं. मांसधरा कलेत सिरा, स्नायू, धमन्या पसरतात असं वर्णन आहे आणि ते फॅशियाच्या जवळ जातं. पण बाकीच्या कलांमध्ये रक्तधरा, मेदोधरा, पुरीषधरा अशा आहेत, त्या सगळ्या फॅशियाच्या खात्यात घालता येत नाहीत. त्या संकल्पनेची चौकट वेगळी आहे.

मला त्याहून मोलाचा वाटतो तो पाचवा अध्याय. शव गवताने वेढून, पिंजऱ्यात ठेवून, वाहत्या पाण्यात आडोशाला कुजत ठेवायचं. सात रात्रींनंतर काढून वाळ्याच्या, केसांच्या किंवा बांबूच्या कुंचल्याने हळूहळू घासत त्वचेपासून एकेक थर डोळ्यांनी पाहायचा. सुरीने कापलं की थर एकदम ओलांडले जातात, घासून काढताना प्रत्येक पापुद्रा वेगळा दिसतो. अशा माणसाला कलांची कल्पना सुचली यात नवल नाही. पण सुश्रुताने अल्ट्रासाऊंड केला नव्हता, आणि त्याने केला होता असं म्हटल्याने त्याचा मोठेपणा वाढत नाही.

फिजिओताई

वैद्यबुवा, सुंदर प्रतिसाद. आमची बादली आठवून लाज वाटली.

घाटवाट

अवांतर होतंय म्हणून आधीच माफी. दर ट्रेकनंतर मी फोम रोलरवर मांड्या घासतो. बोंबलतो, पण नंतर हलकं वाटतं. ट्रेनर म्हणतो की रोलरने फॅशियातल्या गाठी फुटतात. खरं का?

डॉ. भिंग

आता मला लिहावंच लागणार. मी हाडवैद्य आहे, म्हणजे शिकलेला.

गाठी फुटत नाहीत. २००८ साली अमेरिकेतल्या काही संशोधकांनी गणिती मॉडेल मांडलं होतं: मांडीच्या बाहेरचा फॅशियाचा पट्टा किंवा तळपायाचा फॅशिया नुसता एक टक्का दाबायला वा सरकवायला किती बळ लागेल? उत्तर आलं, माणसाच्या हाताने देता येईल त्याच्या पलीकडचं. नाकाजवळचा नाजूक फॅशिया तेवढा हलू शकतो. गंमत म्हणजे त्या लेखकांत फॅशिया परिषदेच्या आयोजकांपैकीच माणसं होती. म्हणजे हा शत्रुपक्षाचा आरोप नाही.

आता माझ्या टेबलावरची गोष्ट. नडगी मोडली की कधी कधी आत सूज इतकी वाढते की फॅशियाच्या बंद कप्प्यातला दाब रक्तपुरवठा तोडतो. याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. पेशंट मॉर्फिनलाही दाद देत नाही, पायाची बोटं नुसती ताणली तरी किंचाळतो. काही तासांत तो कप्पा उघडला नाही तर स्नायू मरतो. हाताच्या बाबतीत असं झालं की काय उरतं, ते फॉल्कमान या जर्मन सर्जनने १८८१ मध्येच लिहून ठेवलंय. आम्ही गुडघ्याखालपासून घोट्यापर्यंत फॅशिया उभा चिरतो. कात्री पुढे सरकते तसा मागे स्नायू फुगून बाहेर येतो, आणि नशीब चांगलं असेल तर जांभळ्याचा डोळ्यांदेखत लाल होतो. एवढ्या दाबाला जो पडदा हटला नाही, तो अंगठ्याने 'रिलीज' होत असता तर आम्हाला कात्री लागली नसती.

खडीसाखर

बाप रे. वाचूनच टाच दुखायची थांबली.

फिजिओताई

@डॉ. भिंग, अगदी मान्य, पण अर्धंच. दाट फॅशिया हाताने लांबत नाही हे आम्हीही आता शिकवतो. रॉबर्ट श्लाइप हे या क्षेत्रातलं मोठं नाव. स्वतः आधी हाताने उपचार करणारे, नंतर जर्मनीत उल्म विद्यापीठात संशोधनाकडे वळले. त्यांनीच २००३ मध्ये लिहिलं की मेकॅनिकल स्पष्टीकरण पुरत नाही, मज्जासंस्थेकडे बघायला हवं. पुढे त्यांनी दाखवलं की फॅशियात आकुंचन पावू शकणाऱ्या पेशी असतात. पण ते आकुंचन अतिशय संथ असतं, स्नायूसारखं झटक्यात नाही.

दुसरं, फॅशिया मुका नाही. २०१४ मध्ये जर्मनीतच निरोगी लोकांच्या कमरेत मिठाचं तीव्र द्रावण टोचून पाहिलं: एकदा कातडीखाली, एकदा स्नायूत, एकदा फॅशियात. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात जास्त वेळ दुखलं ते फॅशियात, आणि 'जळतंय', 'ठणकतंय' असे शब्द लोकांनी वापरले. आमच्याकडे येणारे कंबरदुखीवाले हेच शब्द वापरतात.

@घाटवाट, रोलरने हालचाल थोडा वेळ वाढते हे प्रयोगांत दिसतं. पण एका पायावर रोलर फिरवला तर दुसऱ्या पायाचीही लवचीकता थोडी वाढल्याचं आढळलंय. म्हणजे गाठी फुटण्याचा मामला नाही, मेंदू ताण सहन करायला तयार होतो. बरं वाटतं तर करा. बोंबलण्याइतकं जोरात करायची मात्र गरज नाही.

जर्मनबेकरी

इटलीवाल्यांचं राहिलंच. पादोवा विद्यापीठातल्या कार्ला स्टेको, याही डिसेक्शनवाल्या. त्यांचं म्हणणं असं की फॅशियाच्या दाट थरांमध्ये हायल्युरोनन नावाचं वंगण असतं. ते दाट झालं की थर सरकत नाहीत. हे वंगण बनवणाऱ्या खास पेशी त्यांच्या गटाने २०१८ मध्ये वर्णन केल्या आणि त्यांना फॅशियासाइट असं नाव दिलं. हे मला चिकटलेल्या गाठींपेक्षा जास्त पटतं. मात्र चोळल्याने ते वंगण पातळ होतं आणि म्हणून दुखणं थांबतं, ही पुढची पायरी जिवंत माणसात नीट सिद्ध व्हायची आहे.

मीच_तो

२०१८ मध्येच 'मानवी शरीरात नवा अवयव सापडला' अशी बातमी आली होती ना? व्हॉट्सॲपवर चार ग्रुपात आली होती, म्हणजे खरीच असणार.

डॉ. भिंग

@मीच_तो, ती इंटरस्टिशियमची. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी पित्तनलिका आतून लेझरच्या सूक्ष्मदर्शकाने जिवंतपणी पाहिली, तर भिंतीत द्रवाने भरलेल्या जागांची जाळी दिसली. नेहमीच्या स्लाइड बनवताना ऊतीतलं पाणी काढतात, त्यामुळे त्या जागा मिटून जातात आणि आम्हाला वर्षानुवर्षं तिथे गच्च कोलॅजन दिसत राहिलं. निरीक्षण उत्तम. 'अवयव' हा शब्द मथळ्यांनी उचलून धरला.

चेन्नईचा_चिंतू

एवढं कोलॅजन कोलॅजन चाललंय आणि रामचंद्रनांचं नाव कोणी घेत नाही? कोलॅजनची तीन पदरी रचना १९५४ मध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्ता यांनी मद्रास विद्यापीठात मांडली. कोलॅजनकडे त्यांचं लक्ष वेधलं बर्नाल या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी, मद्रासला आले असताना. शेजारीच केंद्रीय चर्म संशोधन संस्था होती, म्हणजे चामडं, म्हणजे कोलॅजन. पण चांगला क्ष-किरण नमुना मिळायला कांगारूच्या शेपटीचा स्नायुबंध मागवावा लागला. पुढच्या वर्षी त्यांनीच मॉडेल सुधारून तीन पदर एकमेकांभोवती पीळ घेतात असं मांडलं. दर तिसऱ्या जागी ग्लायसिन, म्हणजे सगळ्यात लहान अमिनो आम्ल, हवंच, कारण पिळाच्या आत दुसरं काही मावत नाही. फॅशिया इतका चिवट का, याचं मूळ त्या पिळात आहे. आमच्या गिंडीच्या बसस्टॉपवर उभं राहिलं की मला हे हमखास आठवतं.

सुगरणपक्षी

मग कोलॅजन पावडर घ्यावी का? आमच्या भिशीत सगळ्या घेतात. दुधातून, केशर घालून.

चेन्नईचा_चिंतू

पोटात गेल्यावर त्याचे तुकडे होतात, आख्खा पीळ उठून टाचेत जाऊन बसत नाही. क जीवनसत्त्व मात्र खरोखर लागतं, त्याशिवाय शरीराला धड कोलॅजन बनवता येत नाही. जुन्या काळी खलाशांना स्कर्व्ही व्हायचा तो यामुळेच. आवळा खा, स्वस्त आहे. केशर चालू द्या.

फिजिओताई

याला जोडून एक. डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१३ मध्ये टाचेच्या वरच्या जाड कंडरेतला, म्हणजे अकिलीस टेंडनमधला कार्बन-१४ मोजला. अणुचाचण्यांमुळे १९५०-६० च्या दशकांत हवेतला हा कार्बन वाढला होता, त्यावरून ऊती कधी बनली ते कळतं. निष्कर्ष असा की कंडरेचा गाभा साधारण वयाच्या सतराव्या वर्षापर्यंत घडतो आणि नंतर जवळजवळ बदलत नाही. हे कंडरेबद्दल आहे, फॅशियाबद्दल नाही. पण 'सहा आठवड्यांत संपूर्ण नवी संयोजी ऊती' म्हणणाऱ्या जाहिरातीवर विश्वास ठेवण्याआधी हे आठवा.

कानगोष्ट

माझ्या कानाचा पडदा फॅशियाचा आहे! लहानपणी कान वाहून पडद्याला भोक पडलं होतं. सर्जननी कानाच्या वरून, कानशिलाच्या स्नायूवरचा फॅशिया काढून तिथे बसवला. वाळवून पत्र्यासारखा करून लावतात म्हणे. तेव्हा नाव कळलं नव्हतं, आज कळलं. ऐकू छान येतं, बायकोचं सोडून.

शंकासूर

@कानगोष्ट, भावना साठल्या असतील त्या पडद्यात.

खडीसाखर

हसून हसून पुरेवाट. सगळ्यांचे आभार, खूप शिकायला मिळालं. पण आता माझ्या टाचेचं बोला. पॅकेज घेऊ की नको? आणि गादी-व्यायाम चालू ठेवू की आणखी काही करू?

डॉ. भिंग

आधी एक सांगतो. नावात 'आयटिस' असलं तरी जुन्या टाचदुखीत सूज बहुधा नसते. २००३ मध्ये ५० रुग्णांचे ऑपरेशनमध्ये काढलेले नमुने तपासले होते, त्यात दाह आढळला नाही, झीज आढळली. म्हणून नुसत्या सूज उतरवणाऱ्या गोळ्या खात बसू नका. मधुमेह असेल, पाय बधिर असेल, दोन्ही टाचा सकाळी बराच वेळ आखडत असतील किंवा रात्री झोपेतही दुखत असेल, तर पुन्हा दाखवा.

फिजिओताई

खडीसाखर, तुमच्या डॉक्टरांनी दिलेलं बरोबरच आहे, ते सोडू नका. त्यात एक भर घालता येईल, पण त्यांना विचारून. डेन्मार्कमधलाच ४८ रुग्णांचा प्रयोग आहे, २०१४ चा. जिन्याच्या पायरीच्या काठावर दुखऱ्या पायाने उभं राहायचं, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवायचा म्हणजे बोटं वर वळतात आणि तळव्याचा फॅशिया ताणला जातो. कठड्याला धरायचं. तीन सेकंदांत टाच वर, दोन सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली. हे एक दिवसाआड. जमत नसेल तर आधी दोन्ही पायांवर. सवय झाली की पाठीवर सॅक घेऊन तिच्यात पुस्तकं वाढवत न्यायची. तीन महिन्यांनी हा गट नुसतं ताणणाऱ्या गटापेक्षा बराच पुढे होता. वर्षाने दोन्ही गट सारखेच झाले, हेही सांगते. म्हणजे ताणूनही बरं होतं, याने लवकर होतं.

पॅकेजबद्दल: एखाद्या सिटिंगने दोन दिवस बरं वाटेल, त्या दोन दिवसांत व्यायाम नीट होत असेल तर वाईट नाही. दहाचे पैसे आगाऊ भरू नका. आणि भावना मोकळ्या करून देतो म्हणाले तर तिथूनच परत फिरा, त्याला काही आधार नाही.

घाटवाट

सॅकेत पुस्तकं भरून जिन्यावर! याला आम्ही ट्रेकची तयारी म्हणतो, फुकट करतो.

खडीसाखर

फिजिओताई, डॉक्टर, मनापासून आभार. पॅकेजवाल्यांना 'कळवते' म्हणून सांगितलंय. आमच्या जिन्याला कठडा आहे, टॉवेल आहे, सॅकेत भरायला मुलाची एमपीएससीची पुस्तकं आहेत. ती सध्या कोणी उघडतही नाही.

अण्णा_बेळगावकर

उशिरा आलो. माझा वेगळा प्रश्न. उजव्या तळहातात करंगळीशेजारच्या बोटाच्या रेषेत एक दोरीसारखी गाठ झालीये. दुखत नाही. बोट जरासं आत ओढल्यासारखं वाटतं. शेजारचा मालिशवाला म्हणतो नस आहे, ओढून सरळ करतो. हे फॅशियाचंच का?

डॉ. भिंग

अण्णा, न बघता खात्रीने सांगता येणार नाही, पण वर्णन डुप्यूट्रेनच्या आजाराचं वाटतंय. तळहाताच्या फॅशियातच होतो हा. त्यात आकुंचन पावणाऱ्या पेशी वाढतात आणि दोरी आखडत जाते. या पेशी जखम भरण्याच्या ऊतीत गॅब्बियानी यांनी १९७१ मध्ये ओळखल्या आणि लगेचच अशा हातातही त्या सापडल्या. मधुमेहींमध्ये जास्त दिसतो, साखर तपासली नसेल तर तपासून घ्या. घरी एक करा: तळहात टेबलावर पालथा ठेवा आणि पूर्ण सपाट टेकतो का बघा. टेकत असेल तर सहसा नुसतं लक्ष ठेवतात. टेकत नसेल तर हाताच्या सर्जनला दाखवा, दोरी सुईने वा शस्त्रक्रियेने सोडवता येते.

अण्णा_बेळगावकर

टेकतो, पण खालून कागद सरकतो. आणि मालिशवाल्याचं काय करू? त्याने उद्याची वेळ दिलीये.

डॉ. भिंग

त्याच्याकडून पाठ चोळून घ्या. हात देऊ नका.